रविवारी येते, पुढच्या रविवारी विसरते

पत्र

मॅडम, माझं वय 44. मी अंगणवाडी सेविका आहे. माहेर लांजा तालुक्यातल्या डोंगरातल्या वाडीवर. तिथे नुसती पायवाट, त्यामुळे सायकल कधी हातात आलीच नाही. सासर गुहागरजवळ. अंगणवाडी घरापासून चार किलोमीटर, एसटी सकाळी एक आणि दुपारी एक. म्हणून घरात स्कूटी घेतली. मिस्टर दर रविवारी मला सड्यावर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या माळावर नेतात आणि दोन तास शिकवतात. शेवटी शेवटी मी सरळ रेषेत चांगली चालवते, वाटतं आता आलीच. पुढच्या रविवारी पुन्हा पाटी कोरी. गाडी हलली की अंग ताठ होतं, वळायचं म्हटलं की पाय खाली येतात. मिस्टर बाजूने चालत सारखे सांगत असतात, "अगो, खांदे सैल सोड, कोपरं ताठ नको, तोल सांभाळ." गेल्या रविवारी म्हणाले, "तुझ्यात मुळात तोलच नाय." आमच्या 13 वर्षांच्या मुलाला सायकल चार दिवसांत आली होती. माझं वय निघून गेलं का? की माझ्यात खरंच काही कमी आहे?

एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर

ताई,

तुमच्यात तोल नाही, हे मला पटत नाही. डोंगरातल्या वाडीवर वाढलात, म्हणजे पऱ्यावरून डोक्यावर हंडा नि कमरेला कळशी घेऊन निसरडी पायवाट चढला असणार. ते ज्याला जमतं त्याच्या तोलाबद्दल शंका घ्यायची नसते. पण तो तोल स्कूटरवर उपयोगी पडत नाही, आणि तुमची अडचण नेमकी तिथेच आहे.

माणसात तोल नावाची एकच शक्ती असते, कुणात जास्त, कुणात कमी, असं आपण धरून चालतो. हालचालींचा अभ्यास करणाऱ्यांनी ही समजूत 1950-60च्या दशकातच खोडून काढली. कॅलिफोर्नियातले फ्रँकलिन हेन्री यांचं म्हणणं होतं की हालचालींची कौशल्यं त्या त्या कामापुरती असतात, एकातली हुशारी आपोआप दुसऱ्यात जात नाही. पुढे तोलाच्या वेगवेगळ्या चाचण्या एकाच माणसांवर घेतल्या, तेव्हा एका चाचणीतल्या यशाचा दुसरीशी फारसा संबंध दिसला नाही.

पायांवर उभं असताना आपण डावीकडे कललो तर अंग उजवीकडे नेतो, नाहीतर डावीकडे पाऊल टाकतो. चालायला लागल्यापासून तुमचं शरीर हेच करत आलंय. दुचाकीवर याच्या उलट आहे. गाडी डावीकडे कलली तर हँडल डावीकडेच न्यावं लागतं, म्हणजे चाकं पुन्हा अंगाखाली येतात. नवशिका माणूस घाबरून हँडल उजवीकडे ओढतो, गाडी आणखी कलते आणि पाय जमिनीला लागतो. तुमचे पाय खाली येतात तो दोष नव्हे. चाळीस वर्षं इमानेइतबारे काम केलेली सवय आपलं काम करते आहे, फक्त चुकीच्या ठिकाणी.

आणखी एक. चाकं अंगाखाली यायची तर गाडी पुढे जायला हवी. गाडी जितकी हळू तितकं हँडल जास्त हलवावं लागतं. म्हणून अगदी सावकाश चालवणं हे नवशिक्यासाठी सगळ्यात अवघड काम, आणि शिकवणारा माणूस काळजीपोटी पहिल्या दिवसापासून नेमकं तेच मागतो: हळू, हळू, अजून हळू. मिस्टरांची काळजी रास्त आहे. शंभर किलोच्या वरचं धूड बायकोच्या अंगावर पडलं तर काय, असं त्यांच्या मनात असणार. त्यावर उपाय वेगळा आहे, तो पुढे सांगते.

आता त्यांच्या सूचनांबद्दल. विमान बनवणारे राइट बंधू मुळात अमेरिकेतल्या डेटन गावचे सायकलवाले. त्यांतल्या विल्बरने बऱ्याच सायकलस्वारांना विचारून पाहिलं होतं की तुम्ही वळता कसे. पहिल्या झटक्यात कुणालाच पूर्ण बरोबर सांगता आलं नाही. उजवीकडे वळताना हँडल आधी क्षणभर किंचित डावीकडे जातं, त्याने गाडी उजवीकडे कलते आणि मग हँडल उजवीकडे येतं. रोज सायकल चालवणाऱ्याला हे ठाऊक नसतं, त्याच्या हातांना ठाऊक असतं. तुमच्याकडे खाडीत पाग टाकणारं कुणी असेल तर त्याला विचारा, हे जाळं हवेत असं गोल कसं उघडतं? तो म्हणेल, असं धरायचं, असं फिरायचं नि सोडायचं. हे 'असं' त्याच्या मनगटात आणि कमरेत आहे, तोंडात नाही. "तोल सांभाळ" ही सूचना त्याच जातीची. ज्याला येतं त्याला ती बरोबर वाटते, ज्याला येत नाही त्याला त्यातून करायला काहीच मिळत नाही.

म्हणजे मिस्टरांनी गप्प बसायचं का? बरंचसं, हो. 1990 मध्ये कॅरोलिन विन्स्टीन आणि रिचर्ड श्मिट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना हाताची एक हालचाल शिकवताना प्रत्येक खेपेनंतर ती कशी झाली ते सांगितलं, काहींना निम्म्याच वेळा. सराव चालू असताना फारसा फरक दिसला नाही. नंतर काहीच न सांगता परीक्षा घेतली, तेव्हा निम्म्या वेळा ऐकलेले पुढे होते. दर खेपेला बाहेरून उत्तर मिळत राहिलं की माणूस स्वतःच्या अंगाला विचारायचं सोडून देतो. चार किलोमीटरच्या रस्त्यावर मिस्टर बाजूने चालत येणार नाहीत.

बोलायचंच असेल तर काय बोलावं, यावरही काम झालंय. जर्मनीत गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी बर्फावरच्या स्कीइंगसारखी हालचाल करायला लावणाऱ्या यंत्रावर माणसांना उभं केलं. काहींना सांगितलं, पायांकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, पायांखालच्या फळीच्या चाकांकडे लक्ष द्या. दोन्हींत अंतर जेमतेम काही इंचांचं, पण चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगले शिकले. हा निष्कर्ष 1998 चा. पुढे इतरही बऱ्याच खेळांत आणि कसरतींत तसंच दिसलं. म्हणून खांदे, कोपरं, मान ही नावं सड्यावर काढायचीच नाहीत. "त्या काजूच्या झाडाकडे बघत जा", "पुढचं चाक त्या दोन दगडांमधून काढ", इतकंच. पुढच्या चाकासमोरच्या जमिनीकडे बघाल तर डगमगाल. नजर पंधरा-वीस पावलं पुढे ठेवा, गाडी नजरेमागून येते.

अंग ताठ होतं त्याची फार चिंता करू नका. निकोलाय बर्नस्टाइन नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने 1920च्या दशकात मॉस्कोत हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून त्यांच्या हालचाली टिपल्या. पुढे शिकण्याबद्दल त्याने जे मांडलं त्यात हे होतं: खांदा, कोपर, मनगट, कंबर एवढं सगळं एकदम सांभाळता येत नाही, म्हणून नवशिका बरेचसे सांधे घट्ट धरतो आणि थोड्यांवरच काम भागवतो. जसजसं जमतं तसतसे ते सुटतात. म्हणजे सैलपणा हे शिकण्याचं फळ आहे, ते आधीच मागून मिळत नाही. त्याच कामगारांकडून बर्नस्टाइनला आणखी एक गोष्ट दिसली. मुरलेल्या कामगाराचा घाव दर वेळी त्याच जागी बसायचा, पण हात तिथवर दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने जायचा. त्यावरून तो म्हणत असे की सराव म्हणजे एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणं नव्हे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवणं. तुमच्या पत्रातला खरा मुद्दा इथे येतो, रविवारचा.

दोन तासांच्या शेवटी तुम्ही जी छान चालवता, तिला 'येणं' समजू नका. त्या वेळी हात तापलेले असतात, तीच रेषा शंभरदा झालेली असते, मागच्या खेपेची चूक ताजी असते. शिकलात किती ते दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत कळतं. सरावातलं दिसणं आणि शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कित्येकदा त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. ज्या सरावात माणूस सफाईदार दिसतो तो कमी टिकतो, ज्यात अडखळतो तो जास्त. शिकवणाऱ्यांनाही हे पचवायला जड जातं. मी शाळेत खेळ शिकवत होते तेव्हा तासाच्या शेवटी पोरं झकास करताना दिसली की पालक खूश, मुख्याध्यापक खूश. पुढच्या आठवड्यात कुणी बघायला येत नसे.

1978 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. ब्रिटनच्या टपाल खात्यातल्या पोस्टमनना टाइप करायला शिकवायचं होतं. अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन या दोघांनी त्यांचे गट पाडले. काहींना दिवसातून एकदा एक तास, काहींना दोनदा दोन-दोन तास, काहींना मधलं काही. रोज एकच तास बसणाऱ्यांना तेवढंच शिकायला सगळ्यात कमी तास लागले. दिवस अर्थातच जास्त लागले, आणि गंमत म्हणजे आपल्या सरावावर सगळ्यात नाराजही तेच होते, कारण दिवसांच्या हिशेबात आपण मागे पडतोय असं त्यांना वाटे. तुमची रविवारची 120 मिनिटं मोडा. सोमवार ते शनिवार रोज 20 मिनिटं केलीत तरी हिशेब तोच होतो. अंगणवाडीतून आल्यावर, ऊन उतरल्यावर, घराजवळच्या एखाद्या मोकळ्या जागी. रविवारी सुट्टी घ्या. मधल्या काळात थोडं विसरायला होणार, आणि ते पुन्हा आठवून काढण्याचे कष्टच उपयोगी असतात. तसंही तुमची पाटी कोरी होत नाही. पहिल्या रविवारी ज्या ठिकाणी यायला दीड तास लागला तिथे आता किती वेळात येता, ते बघा.

दुसरा बदल म्हणजे सरळ रेषा सोडा. त्याच 1978 सालचा आणखी एक प्रयोग आहे, कर आणि बूथ यांचा. आठ वर्षांच्या मुलांना दाण्यांची छोटी पिशवी लक्ष्यावर फेकायची होती. एका गटाने फक्त 3 फुटांवरून सराव केला. दुसऱ्याने 2 आणि 4 फुटांवरून, 3 फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा 3 फुटांची घेतली, आणि दुसरा गट सरस ठरला. तेव्हा तुमच्या 20 मिनिटांत एक उजवं वळण, मग थांबणं, मग डावं वळण, मग थोडा चढ, मग दोन दगडांमधून, असं सगळं मिसळून येऊ द्या. एकाच दिवशी पंचवीस उजवी वळणं घेऊ नका. जागाही बदला. जांभ्याचा कातळ, गवत, लाल माती, डांबर, चाकाला प्रत्येक ठिकाणी निराळं लागतं, आणि तुमच्या चार किलोमीटरमध्ये यातलं बहुतेक सगळं असणार. सराव वाईट दिसेल. मिस्टरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी ते पुन्हा सरळ रेषेवर आणतील.

आता गाडी अंगावर पडू नये म्हणून मघाशी म्हटलेला तो उपाय. स्कूटर महिनाभर बाजूला ठेवा आणि मुलाची सायकल घ्या. पेडलं काढून टाका. उजवं पेडल नेहमीच्या पद्धतीने सुटतं, पण डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावं लागतं. हे माहीत नसलं की पान्याने जोर लावून आटे खराब होतात. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय पूर्ण टेकतील. पावसाचं पाणी जेमतेम वाहील इतकाच उतार असलेली जागा शोधा. पायांनी ढकलत निघा, मग पावलं लांब करा, मग दोन्ही पाय उचलून जमेल तितकं घसरत जा. उतारामुळे वेग आपोआप मिळतो, हँडलला काम मिळतं, आणि भीती वाटली की पाय खाली आहेतच. ब्रेकवर बोटं सुरुवातीपासून ठेवा. हँडल कुठे वळवायचं याचा विचार करू नका, तुम्ही लांब बघत असाल तर हात ते स्वतः शोधतात. उताराच्या टोकापर्यंत पाय न टेकता जाता आलं आणि वाटेत वळताही आलं, की पेडलं लावा. गावातली माणसं हसतील थोडी. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा, आणि ओढणी घट्ट खोचून. साडीचा पदर आणि ओढणी मागच्या चाकात जाऊन झालेले अपघात आपल्याकडे कमी नाहीत.

मुलाच्या चार दिवसांचं म्हणाल तर ते चार दिवस तुम्हाला दिसले म्हणून मोजले. न्यूयॉर्कमधल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी 12 ते 19 महिन्यांच्या मुलांची चाल मोजली, 2012 मध्ये प्रसिद्ध केली. मोकळं खेळताना एक मूल तासाला सरासरी 2,368 पावलं टाकत होतं आणि 17 वेळा पडत होतं. सरळ रेषेत तर ते क्वचितच चालत होतं. मुलाला सायकल येण्याआधी त्याने मित्राच्या सायकलवर मागे बसून, अर्ध्या पेडलने, भिंतीला धरून केलेली उठाठेव तुम्ही पाहिलेली नाही. शिवाय पडणं त्याला स्वस्त पडतं. तुम्हाला नाही, आणि 44 व्या वर्षी स्कूटरवरून पडून मनगट मोडून घेण्यात काही शौर्य नाही. म्हणूनच पडायचं ते सायकलवर, गवतावर, पाय टेकत असताना.

वयाबद्दल थोडक्यात. जर्मनीत साठीच्या आसपासच्या माणसांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला शिकवलं, 2008 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तरुणांइतके सगळे तरबेज झाले नाहीत, पण शिकले, आणि सरावानंतर मेंदूच्या काही भागांत मोजता येण्याजोगा बदलही दिसला. तुम्ही अजून साठीच्या सोळा वर्षं अलीकडे आहात.

सायकल आली की स्कूटरकडे या. पहिला दिवस इंजिन बंद ठेवून. गाडी हाताने ढकलत न्या, डबल स्टँडला लावा, काढा, किती कलल्यावर वजन हाताबाहेर जातं ते अंगाला कळू द्या. मग इंजिन चालू करून, दोन्ही पाय खाली सोडून. स्कूटरवर नवशिक्याची सगळ्यात धोक्याची सवय वेगळीच आहे. दचकलं की मूठ आवळली जाते, आवळताना पिळली जाते आणि रेस वाढते. थांबायच्या ऐवजी गाडी उसळते. त्यामुळे रोजच्या सरावात 'मूठ सोडून ब्रेक' हे मध्येच, न सांगता करायला लावणारं कुणीतरी हवं. मिस्टरांचा आवाज इथे कामाला येईल: कधीही "थांब!" म्हणायचं, बाकी वेळ तोंड बंद. डावा लिव्हर मागच्या ब्रेकचा, उजवा पुढच्याचा. 2019 नंतरच्या बहुतेक स्कूटरना डावा दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. सुट्या लाल मातीवर किंवा रेतीवर उजवा एकटा जोरात दाबू नका, पुढचं चाक घसरतं.

शिकाऊ परवाना आत्ताच काढा. तो 6 महिने चालतो, आणि मिळाल्यापासून 30 दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, म्हणजे तुमच्या सरावाच्या वेळापत्रकात तो बरोबर बसतो. पांढऱ्यावर लाल 'एल' लावल्याशिवाय आणि हेल्मेट घातल्याशिवाय रस्त्यावर येऊ नका, चार किलोमीटरसाठीसुद्धा. पहिले काही दिवस सकाळची एसटी गेल्यावर, रस्ता मोकळा असताना अंगणवाडीपर्यंत जाऊन या, कामाच्या वेळेची घाई नसताना. पाऊस लागायच्या आत हात बसला नाही तर बसवायची जबरदस्ती करू नका. जांभ्याच्या रस्त्याकडेला शेवाळ धरलं की जुन्या चालवणाऱ्यांचीही चाकं सुटतात. तोवर एसटी आहे. पोषण आहाराची पोती पायाशी ठेवून न्यायची वेळ येईल तेव्हा ती आधी मोकळ्या जागेत ठेवून चालवून बघा, गाडी वेगळी लागते. आणि मागे कुणाला इतक्यात बसवू नका, मिस्टरांनाही नाही.